एचआयव्हीच्या गोळीसोबत दुसरं औषध : या चुका टाळा

एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रात, औषधं देता देता मला अकरा वर्षं झाली. ‘दुसरं काही औषध चालू आहे का?’ असं विचारलं की समोरून ‘नाही’ येतं, आणि घाईतला नवखा कर्मचारी पुढच्या रकान्याकडे वळतो. गोंधळ तिथेच सुरू होतो. माणसं खोटं बोलत नसतात. कॅल्शियमची गोळी, अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध, वैद्यांची पुडी ही त्यांच्या लेखी औषधंच नसतात. म्हणून मी विचारत बसत नाही. घरातली सगळी पाकिटं, बाटल्या, पुड्या पिशवीत घालून आणायला सांगते आणि टेबलावर ओतायला लावते.

टीबीचं औषध बाहेरून सुरू करून न सांगणं

एक ताई टीएलडीवर होत्या, म्हणजे टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधं असलेल्या एचआयव्हीच्या गोळीवर. वर्षानुवर्षं नियमित, व्हायरल लोड दर वेळी टीएनडी, म्हणजे तपासणीत विषाणू सापडतच नव्हता. मानेत गाठ आली तेव्हा दीर त्यांना खासगी डॉक्टरांकडे घेऊन गेले. घरात नवऱ्याशिवाय कोणाला माहीत नाही, त्यामुळे दिरांसमोर एचआयव्हीचं नाव काढणार कसं? गाठीचा टीबी निघाला, एकेटी म्हणजे टीबीची औषधं सुरू झाली. चार महिन्यांनी आमच्याकडे वर्षाची तपासणी झाली, तर लोड हजारांच्या घरात.

गोळ्या मोजल्या, हिशोब चोख. ‘टाकून देत असतील,’ असं कोणीतरी म्हणालं. मला ते पटेना. मी विचारलं, ‘ताई, लघवीचा रंग बदललाय का?’ पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या हळूच म्हणाल्या, ‘लाल होते. उष्णता असेल म्हणून धने-जिऱ्याचं पाणी पितेय.’

ती उष्णता नव्हती, टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन होतं. या औषधाने यकृताचं काम इतकं वाढतं की टीएलडीतलं डोल्युटेग्राविर भराभर निघून जातं. गोळी पोटात जाते, पण रक्तात पुरेशी टिकत नाही, आणि अपुऱ्या औषधात विषाणूला प्रतिकार शिकायला वाव मिळतो. उपाय अगदी साधा आहे : टीएलडी आहे तशी, आणि तिच्यानंतर १२ तासांनी डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅमची एक वेगळी गोळी. ती आमच्याकडूनच मिळते. दोन्हींपैकी कोणतंही औषध मनाने बंद करू नका. डॉक्टरांसमोर नातेवाईक असतील, तर ‘मला एकट्याने बोलायचंय’ एवढं म्हणा. तेही जमलं नाही तर दुसऱ्याच दिवशी ती चिठ्ठी घेऊन केंद्रात या.

लोह, कॅल्शियम आणि अ‍ॅसिडिटीचं औषध एकत्र गिळणं

‘एकदाच सगळ्या घेऊन टाकल्या की विसरत नाही,’ ही पळवाट मला सर्वांत जास्त खटकते. हे धातू डोल्युटेग्राविरला पोटातच धरून ठेवतात. म्हणून टीएलडी त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यायची. लोह-कॅल्शियम भरल्या पोटी एकत्र चालतं, अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड मात्र जेवणासोबतही नाही. माझ्याकडच्या बायकांना मी लोह दुपारच्या जेवणासोबत आणि टीएलडी रात्री नऊला लावून देते. लोह भस्म, मंडूर भस्म यांत लोहच असतं, शंख भस्मात कॅल्शियम. ‘आयुर्वेदिक आहे, त्याने काय होतंय’ म्हणू नका, तीही पिशवीत आणा.

बाकीच्या चुका

मधुमेहाची मेटफॉर्मिन डोल्युटेग्राविरसोबत दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये.

फिट्सची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन सुरू होण्याआधी कळवा. तीही डोल्युटेग्राविर कमी करतात.

अंगदुखीला रोज डायक्लोफेनॅक नको. टेनोफोविरसोबत मूत्रपिंडावर ताण येतो.

पहिली औषधं लागू पडेनाशी झाल्यावर देतात त्या, रिटोनाविर असलेल्या दुसऱ्या टप्प्याच्या औषधांवर असाल, तर गुडघ्यातलं स्टेरॉइडचं इंजेक्शन, दम्याचा पंप, कोलेस्टेरॉलची सिम्व्हास्टॅटिन, अर्धशिशीची अर्गोटामिन यांतलं काहीही न विचारता घेऊ नका. अर्गोटामिनने हातापायांचा रक्तपुरवठा तुटू शकतो. त्या औषधांत अटाझानाविर असेल तर पित्ताची ओमेप्राझोलही नको.

टीबी संपला म्हणून जादा गोळी त्याच दिवशी सोडणं

रिफाम्पिसिन थांबलं तरी यकृत लगेच पूर्वपदावर येत नाही. दुसरी गोळी आणखी २ आठवडे चालू ठेवायची असते. त्या ताईंची एकेटी संपली तेव्हा मी पुढचे चौदा दिवस बोटांवर मोजले आणि शेवटची तारीख लाल पेनाने त्यांच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहिली. जादा गोळी सुरू केल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा केलेला लोड टीएनडी आला होता.