फाटलेल्या समाजात लोकशाही उभी करताय? मग या चुका टाळा

करार झाला, बंदुका थंडावल्या की सगळ्यांना घाई सुटते ती इलेक्शनची. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

आफ्रिकेतल्या बुरुंडीचं बघा, तिथे हुतू जमात बहुसंख्य, तुत्सी अल्पसंख्य. जून १९९३ मध्ये निवडणूक झाली, मेल्खिओर न्दादाये हे पहिले हुतू राष्ट्राध्यक्ष निवडून आले, मतदानही नीट पार पडलं, पण सैन्य होतं तसंच तुत्सींच्या हातात राहिलं आणि ऑक्टोबरमध्ये सैनिकांनीच त्यांना मारलं. मग दोन्ही बाजूंची माणसं मेली, यादवी दहा वर्षांहून जास्त चालली. मतपेटीत काही खोट नव्हती हो, पण हरलेल्यांचं उद्या काय होणार आणि बंदूक कोणाच्या हातात राहणार हे आधी कोणी ठरवलंच नव्हतं! २००५ च्या घटनेत ते आलं, सैन्यात कुठल्याही एका गटाचे निम्म्याहून जास्त लोक नकोत असं. तोवर किती जीव गेले होते. म्हणून मतदानाची तारीख नंतर, हे आधी.

दुसरी चूक म्हणजे बहुमत आहे ना, मग विषय संपला असं समजणं. श्रीलंकेत १९५६ मध्ये सिंहली ही एकमेव सरकारी भाषा झाली, तीही निवडून आलेल्या संसदेत रीतसर कायदा करून. आता त्या तमिळ कारकुनाच्या जागी उभं राहून बघा, काल ज्या ऑफिसात मान होता तिथेच आज सिंहली येत नाही म्हणून प्रमोशन अडतंय, पुढे नोकरीवरच गदा. १९८७ मध्ये तमिळलाही सरकारी भाषेचा दर्जा दिला, पण तोवर युद्ध पेटून चार वर्षं झाली होती. भाषा, नोकऱ्या, पोलीस हे विषय नुसत्या बहुमतावर सोडूच नका.

आता याच्या उलटं. भीतीपोटी सगळंच जातीजमातीनुसार वाटून टाकायचं आणि ते कायमचं पक्कं करायचं. बोस्नियात युद्ध थांबवणाऱ्या १९९५ च्या डेटन करारात हेच झालं, तीन जणांचं अध्यक्षमंडळ, एक बोस्नियाक (म्हणजे तिथला मुस्लिम), एक क्रोएट, एक सर्ब. मग या तिन्हींत न बसणाऱ्या रोमा (जिप्सी) किंवा ज्यू माणसाने काय करायचं? त्याला उभंच राहता येत नाही. २००९ मध्ये युरोपच्या मानवाधिकार कोर्टाने हा भेदभाव आहे असं सांगितलं, तरी ती अट हलली नाही, कारण ज्यांनी ती बदलायची ते त्याच वाटणीतून निवडून येतात. तिथे काही ठिकाणी एकाच इमारतीत दोन शाळा भरतात, अभ्यासक्रम वेगळा, कुठे कुठे दारंसुद्धा वेगळी. त्या पोरांकडे बघून जीव तुटतो खरंच.

मग वाटणी करायचीच नाही का? करा, पण मुदत घालून करा. दक्षिण आफ्रिकेत १९९४ नंतर ४०० पैकी किमान २० जागा मिळवणाऱ्या पक्षाला मंत्रिमंडळात जागेचा हक्क होता, पण तो पाच वर्षांपुरताच. आणि आधीच बिघडलं असेल तर दुरुस्ती पोलिसांपासून सुरू करा, कारण सामान्य माणसाला सरकार दिसतं ते ठाण्यात. उत्तर आयर्लंडमध्ये भांडण प्रोटेस्टंट आणि कॅथलिकांचं, आणि पोलीस बहुतेक प्रोटेस्टंट; तिथे २००१ पासून भरतीत निम्मे कॅथलिक घ्यायला लागले. जुन्या पोलिसदलात ते साधारण ८ टक्के होते, २०११ ला ही अट काढली तेव्हा ३० टक्क्यांच्या आसपास पोचले होते.