गिरणीच्या पॅनलला सोलर जोडताना आधी न्यूट्रल

गेल्या वर्षी शिरोळ तालुक्यात एका पिठाच्या गिरणीवर मी 10 किलोवॅटचा थ्री-फेज सोलर इन्व्हर्टर (प्लेटांचं डीसी करंट एसीत बदलणारा) जोडला. पत्र्यावर 540 वॅटच्या 18 प्लेटा, नऊ-नऊच्या दोन स्ट्रिंग, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या माळा. त्याच कामाची पद्धत सांगतो. हे काम लायसन्स असलेल्या वायरमननेच करावं, आणि महावितरणची मंजुरी व नेट मीटर (आलेली आणि परत गेलेली वीज मोजणारा) होईपर्यंत इन्व्हर्टर चालू करू नये.

आधी हिशेब. 415 गुणिले 1.732 करा आणि 10,000 ला त्यानं भागा, म्हणजे दर फेजला साधारण 14 अँपिअर. मी 25 अँपिअरचा फोर-पोल एमसीबी (तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकदम तोडणारा स्विच) आणि 6 चौरस मिलिमीटरची चार कोअर तांब्याची केबल घेतली. केबलमध्ये काटकसर करू नका. बारीक आणि लांब केबलमध्ये व्होल्टेज चढतं, मग भर दुपारी, ऐन ऊन असताना, इन्व्हर्टर 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज' दाखवून बंद पडतो. लोक मात्र कंपनीला दोष देत बसतात.

जोड द्यायचा तो मेन पॅनलच्या बसबारवर (सगळे जोड जिथून निघतात त्या पट्टीवर), स्वतंत्र एमसीबीतून. गिरणीच्या मोटरच्या स्टार्टरवर किंवा वरच्या घराच्या छोट्या डीबीत (स्विचच्या पेटीत) तो घुसवायचा नाही. तिथली वायर दोन्हीकडून येणाऱ्या करंटचा विचार करून टाकलेली नसते.

मेन बंद केला, तरी मीटरकडून येणारी बाजू जिवंतच असते. आधी एसी एमसीबी खाली, म्हणजे बंद, मग डीसी आयसोलेटर (प्लेटांकडची बाजू तोडणारा स्विच) खाली, आणि त्यानंतर इन्व्हर्टरवर लिहिलेला वेळ थांबा, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. प्लेटांकडून येणारं डीसी तर ऊन आहे तोवर बंदच होत नाही. नऊ प्लेटांचं ते 440 व्होल्टच्या आसपास भरतं. करंट वाहत असताना प्लेटांच्या वायरचे एमसी-फोर कनेक्टर कधीच ओढू नका, आर्क म्हणजे ठिणगीचा जाळ पेटतो.

आता न्यूट्रल. मी नवा असताना एका पॅनलमध्ये न्यूट्रलचा लग (वायरच्या टोकाची धातूची टोपी) नीट आवळला नव्हता. मेन चालू केला आणि ज्या फेजवर लोड कमी होता तिथलं व्होल्टेज 300 च्या वर गेलं. घरातला टीव्ही आणि फ्रिज जळाला. ते पैसे मी भरले, पण त्या माउलीचा चेहरा अजून डोळ्यासमोर आहे. तेव्हापासून न्यूट्रल आणि अर्थ आधी जोडतो, ओढून बघतो आणि मगच लाल, पिवळा, निळा हे तीन फेज. लाइटनिंग अरेस्टरची (वीज पडण्यापासून वाचवणाऱ्या सळीची) अर्थिंग वेगळी ठेवतो.

मेन केबल हलवावी लागली तर फेजवर आधी टेप लावून खूण करा. दोन फेजची अदलाबदल झाली, तर इन्व्हर्टरला बहुधा फरक पडत नाही, पण गिरणीची मोटर उलटी फिरते.

मेन चालू केल्यावर इन्व्हर्टरचा एमसीबी चढवण्याआधी मल्टिमीटर लावा. फेज-फेज 415 च्या आसपास, तिन्ही फेज न्यूट्रलशी 230 ते 240, न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. यात गडबड दिसली तर तिथंच थांबा. सगळं बरोबर असेल तर एसी चढवा, मग डीसी.

इन्व्हर्टर चालू झाला की मालकासमोर मेन खाली ओढायचा. इन्व्हर्टरनं लगेच एसी देणं बंद केलं पाहिजे. नाही केलं तर तो तसाच ठेवून घरी जायचं नाही. लाइट गेल्यावरही त्याचं करंट लाइनवर जात राहिलं, तर खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जाईल.

पंधरा दिवसांनी मी परत जातो, मेन बंद करतो आणि चारही लग पुन्हा आवळतो. त्या गिरणीत निळ्या फेजचा लग पाव फेरा फिरला.