नाटकात प्रोजेक्शन वापरताय? या चुका टाळा

तिसऱ्या प्रवेशाच्या शेवटी आमच्या नाटकातली आजी खुर्चीत बसल्या बसल्याच प्राण सोडते. प्रकाश हळूहळू उतरतो आणि पूर्ण अंधार होतो. निदान संहितेत तसं लिहिलं होतं. प्रत्यक्षात सगळे दिवे गेले आणि मागच्या पडद्यावर करड्या उजेडाचा बारा फुटी चौकोन तसाच राहिला. त्या उजेडात आजी उठून विंगेत जाताना सभागृहातल्या प्रत्येकाला दिसली. प्रोजेक्टरवर आम्ही काळी स्लाइड लावलेली होती. पण प्रोजेक्टरचा काळा हा खरा काळा नसतो. आतला दिवा चालूच असतो आणि त्याचा थोडा उजेड लेन्समधून गळत राहतो.

तेव्हापासून इंदूरमध्ये हौशी मंडळींबरोबर असं काम करताना पहिल्याच बैठकीत मी एक आग्रह धरते: प्रोजेक्टर प्रकाशयोजनेच्या कागदावर मांडा. तो एक दिवा आहे. त्याला जागा लागते, कोन लागतो, क्यू (कोणत्या क्षणी काय बदलायचं याची खूण) लागतो. तो शेवटच्या आठवड्यात ‘कॉम्प्युटर येणाऱ्या मुला’कडे सोपवला की पुढच्या बहुतेक चुका आपोआप होतात.

आधी त्या करड्या चौकोनाचं बघू. काही प्रोजेक्टरमध्ये लेन्ससमोर खरोखरची झडप असते, पण भाड्याने मिळणाऱ्या लहान यंत्रांत ती सहसा नसते. त्यांतलं ‘म्यूट’चं बटण फक्त चित्र काळं करतं, उजेड अडवत नाही. उपाय साधा आहे: काळा रंग दिलेला जाड पुठ्ठा बिजागरीवर बसवायचा आणि त्याची दोरी ऑपरेटरच्या हाती द्यायची. पुठ्ठा लेन्सला टेकता कामा नये आणि यंत्राची हवा घेण्याची जाळी झाकता कामा नये. ब्लॅकआऊटमध्ये यंत्रच बंद करू, असं म्हणाल तर जुन्या दिव्याच्या प्रोजेक्टरला थंड व्हायला आणि पुन्हा पेटायला काही मिनिटं लागतात. शिवाय सुरू होताना कंपनीचं नाव पडद्यावर झळकतं ते वेगळंच.

भाड्याने घेताना फक्त ल्युमेन विचारणं

ल्युमेन म्हणजे यंत्रातून निघणारा एकूण प्रकाश. ‘तीन हजार ल्युमेन आहे, मस्त दिसेल,’ असं भाड्याने देणारा सांगतो, कारण तो लग्नाच्या हॉलचा विचार करत असतो. आपण नाटकाचा करायचा. बारा फूट रुंद आणि साडेसात फूट उंच चित्र म्हणजे साधारण ८.४ चौरस मीटर. ३००० ल्युमेन त्यावर पसरले की पडद्यावर जेमतेम ३६० लक्स (दर चौरस मीटरला तेवढे ल्युमेन) पडतात, तेही यंत्र नवं असेल तर. पुढच्या हॅलोजन स्पॉटचा नटाच्या चेहऱ्यावरचा प्रकाश याहून सहज जास्त असतो. त्यातले ३६ लक्स जरी पडद्यावर सांडले, तरी चित्रातला सर्वांत उजळ आणि सर्वांत काळा भाग यांचं प्रमाण अकरास एक एवढंच उरतं. १२० लक्स सांडले तर चारास एक. चित्र धुऊन निघतं ते असं.

म्हणून महागडा प्रोजेक्टर शोधण्याआधी सांडणारा प्रकाश आवरा. खरी लढाई इथे आहे आणि ती बहुतेक फुकटात जिंकता येते. चेहऱ्यावरचे दिवे समोरून सपाट टाकण्याऐवजी बाजूने आणि उंचावरून टाका, म्हणजे त्यांचा झोत नटामागे जमिनीवर उतरेल, पडद्यावर चढणार नाही. दिव्यांच्या झडपा वापरा. रंगमंचाची जमीन फिकट असेल तर काळं कापड अंथरा. जमिनीवरून उसळलेला उजेड चित्र किती खातो हे एकदा कापड घालून आणि काढून पाहिलंत की पटेल. आणि नटांना पडद्यापासून किमान सहा-आठ फूट पुढे खेळवा. दिग्दर्शकाला ही अट सुरुवातीला जाचक वाटते, म्हणून ती ब्लॉकिंगच्या, म्हणजे नटांच्या जागा आणि हालचाली ठरण्याच्या, आधी सांगायची, नंतर नाही.

तारखेचंही बघा. ऐन लग्नसराईत इंदूरमध्ये बरी यंत्रं इव्हेंटवाल्यांकडे अडकलेली असतात. तेव्हा प्रयोग असेल तर बुकिंग आधीच करा आणि तालमीला दाखवलेलंच यंत्र प्रयोगाला येणार, हे कागदावर लिहून घ्या.

सावली आणि अंतर

नटाच्या डोक्याची सावली चित्रात आली की प्रेक्षक नाटक सोडून सावली बघतो. याचं गणित शाळेतलंच आहे. समजा प्रोजेक्टर पडद्यापासून ३० फुटांवर, रंगमंचापासून १४ फूट उंच टांगला आहे आणि चित्राची खालची कड तीन फुटांवर आहे. पडद्यापुढे सहा फुटांवर उभ्या माणसाच्या जागी त्या कडेकडे जाणारा किरण ५.२ फूट उंचीवर असतो, म्हणजे डोकं चित्रात. तीच कड पाच फुटांवर घेतली की किरण ६.८ फुटांवरून जातो आणि माणूस मोकळा. चित्र दोन फूट वर उचललं, एवढंच.

अंतर मोजायला प्रत्येक लेन्सचं एक गुणोत्तर असतं: दीड असेल तर बारा फूट रुंद चित्राला अठरा फूट अंतर हवं. मागून चित्र टाकायचा विचार असेल तर पडद्यामागे तेवढी मोकळी जागा आहे का हे टेप घेऊन मोजा. इंदूरच्या रवींद्र नाट्यगृहाचं माप आणि शाळेच्या हॉलचं माप यांना एकच आराखडा लागू होत नाही.

यंत्र वाकडं ठेवून ‘कीस्टोन’ने चित्र सरळ करण्याचा मोह टाळा. चित्र सरळ होतं, पण तपशील जातो, आणि त्याच्याभोवती तोच करडा उजेड तिरक्या चौकटीसारखा दिसतो. यंत्राला लेन्स शिफ्ट (यंत्र न हलवता लेन्स सरकवण्याची सोय) असेल तर ती वापरा, नसेल तर यंत्रच नीट जागी टांगा. एकदा बसवलं की चौकटी आखलेली चाचणीची स्लाइड लावून पडद्याच्या कडांशी जुळवा आणि यंत्र जिथे बसवलं तिथे टेपने खुणा करा. दुपारी कुणीतरी शिडी लावून दिवा नीट करतो आणि संध्याकाळी चित्र चार इंच सरकलेलं असतं.

पडद्यासाठी क्लॉथ मार्केटमधून जाड, बिनचमकीचं पांढरं मांजरपाट आणलं तरी चालतं. मात्र ते ताणून, खाली वजन शिवून लावा. सुरकुती पडलेल्या सायक्लोरामावर (रंगमंचामागच्या मोठ्या फिकट पडद्यावर) आकाश दाखवलं की आकाशालाही सुरकुत्या पडतात.

लॅपटॉप

इथे चुका लहान असतात आणि सगळ्यांना दिसतात. पडदा ‘डुप्लिकेट’ ठेवला तर तुमचा माऊसचा बाण नायिकेच्या कपाळावर फिरतो, म्हणून नेहमी ‘एक्स्टेंड’ करा. वाय-फाय बंद, नोटिफिकेशन बंद, स्लीप आणि स्क्रीनसेव्हर बंद, चार्जर लावलेला. व्हीएलसी वापरत असाल तर व्हिडिओ सुरू होताना फाइलचं नाव पडद्यावर उमटतं. ते सेटिंगमध्ये जाऊन आधी बंद करा. बंगल्याच्या प्रवेशात ‘फायनल_नवीन_३’ ही अक्षरं उमटलेली मी पाहिली आहेत आणि त्यानंतर तो प्रवेश सावरला नाही.

यंत्र १२८० बाय ८००चं असेल तर फाइलही त्याच मापाची करा. फोर-के फाइल जुन्या लॅपटॉपवर अडखळते आणि पडद्यावर तिचा फायदा शून्य.

मजकूर दाखवणार असाल तर आणखी एक खबरदारी. टाइप करून देणाऱ्याने कृतिदेव वापरला असेल आणि तो फॉन्ट प्रयोगाच्या लॅपटॉपवर नसेल, तर पडद्यावर अर्थहीन इंग्रजी अक्षरं येतात. मजकूर नेहमी चित्र किंवा व्हिडिओ करूनच न्या. आणि हिंदी टायपिंगच्या सवयीने ‘ळ’चा ‘ल’ झाला नाही ना, हे मराठी वाचणाऱ्या कुणाकडून तपासून घ्या. आपल्या शहरात ही चूक होते आणि मला ती फार लागते.

लॅपटॉपपासून यंत्रापर्यंतची वायर जेल रोडच्या बाजारातून घेताना नुसती ‘लांब एचडीएमआय’ मागू नका. दहा-पंधरा मीटरच्या पुढे साध्या तांब्याच्या वायरीचा भरवसा नसतो, चित्र लुकलुकतं किंवा जातंच. कॅट-सिक्सवर (नेटवर्कच्या वायरीवर) चालणारा एक्स्टेंडर किंवा ऑप्टिकल (प्रकाशतंतूची) एचडीएमआय घ्या. ऑप्टिकल वायरीला दिशा असते, लॅपटॉपचं टोक लॅपटॉपलाच लागतं. उलटी ओढली तर सगळी टेप काढून पुन्हा ओढावी लागते. प्रोजेक्टर आणि लॅपटॉपची वीज डिमरच्या, म्हणजे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या, लाइनवरून घेऊ नका. वेगळी लाइन आणि यूपीएस हवा.

नट व्हिडिओच्या मागे धावतो तेव्हा

ही चूक तांत्रिक नाही आणि सगळ्यांत जास्त नाटकं ती बिघडवते. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ, चाळीस सेकंदांचं स्वगत, तालमीत अचूक जमलेलं. प्रयोगात एका वाक्याला टाळी पडते, नट थांबतो आणि मागे चित्र पुढे निघून जातं. मग नट वाक्यं गिळत पळतो.

कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’, म्हणजे मॅजिक लँटर्नचे खेळ, दाखवायला सुरुवात केली. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं आणि त्यांच्या जोडीला संवाद, गाणी. काच हाताने सरकायची, त्यामुळे चित्र माणसासाठी थांबायचं. तेच आजही करता येतं. लांब व्हिडिओचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्याच्या शेवटी चित्र गोठू द्या किंवा सांधा न दिसणाऱ्या लूपमध्ये फिरू द्या, आणि पुढचा तुकडा नटाच्या शब्दावर सोडा. ऑपरेटरने संहिता हातात धरून बसायचं, घड्याळ नाही. तो तालमींना पहिल्यापासून हवा.

हलतं चित्र डोळा ओढतं, कितीही चांगला नट समोर असला तरी. संवाद महत्त्वाचा असेल तिथे चित्र स्थिर किंवा अगदी संथ ठेवा.

शेवटचं काम रंगीत तालमीतलं. प्रकाशाच्या बोर्डवर एक जादा क्यू राखून ठेवा: प्रोजेक्शन गेलं तर सायक्लोरामावर फिकट निळा प्रकाश आणि नटावरचा स्पॉट थोडा वर. मग कुणालाही न सांगता प्रोजेक्टरची वायर काढा आणि पूर्ण प्रवेश होऊ द्या. आम्ही पावसाच्या प्रवेशात हे केलं. पडद्यावरच्या सरी गेल्या, पत्र्यावरचा आवाज तेवढा राहिला आणि आजी खिडकीशी जाऊन हात बाहेर काढून उभी राहिली. प्रवेश संपल्यावर दिग्दर्शकाने पावसाचा व्हिडिओ क्यू-शीटमधून खोडला.