लावणीच्या दिवसांत बांधावरच्या सापांची वही ठेवा

रोपं लावणीला आली की बांधावर साप दिसायला लागतात. बिळांत पाणी शिरतं, बेडूक बाहेर पडतात, नाग-धामणीची पिल्लंही याच सुमारास अंड्यांतून निघतात. नागपंचमीला जमीन खणायची नाही हा आपला नेमही याच दिवसांतला. मुंबईत आरेच्या पाड्यांवर आणि गोराई-मनोरीच्या खाचरांत काम करणाऱ्यांनी यंदा एवढं करावं: दिसलेला साप वहीत लिहावा.

सर्पनोंदीला येणारे स्वयंसेवक एखादी रात्र येऊन जातात. बांधावर रोज तुम्ही असता. पोरांची अर्धी उरलेली वही चालेल. तारीख, वेळ, पाऊस की उघाडी, साप बांधावर होता की पेंढ्यात, जिवंत की मेलेला. गाडीखाली आलेलाही लिहा, साप रस्ता कुठे ओलांडतात ते त्यावरून कळतं. फेरी मारली आणि काहीच दिसलं नाही, तर तेही लिहा. फोटो लांबूनच काढा. ओळखला नाही तर तसंच लिहा, अंदाजाने मण्यार लिहू नका. मण्यार समजून मारलेले बिनविषारी कवड्या मी फार पाहिलेत. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीचे बारीक पांढरे पट्टे बहुधा जोडीने असतात आणि शेपटीपर्यंत ठळक राहतात. शंका असली तर विषारीच समजा.

प्रशिक्षणाला जरूर जा, पण साप ओळखायला शिका, धरायला नको. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप मारणं आणि पाळणं गुन्हा आहे. रात्रीच्या फेरीला गमबूट, बॅटरी आणि तिघे-चौघे सोबती हवेत. आरेत बिबट्याही फिरतो. जंगलाच्या हद्दीत शिरायचं तर आधी वन विभागाची परवानगी घ्या.

वाफ्यांशेजारी पडलेली नायलॉनची जुनी जाळी आजच गोळा करा. गेल्या ऑगस्टमध्ये एका भेंडीच्या वाफ्यापाशी धामण अडकलेली पाहिली. ती पुढे जायला जोर करी तसा दोरा खवल्यांखाली आणखी रुतत होता. उंदीर खाऊन तुमचं धान्य राखणारा तो जीव. असा साप सोडवायला स्वतः बसू नका, वन विभागाला १९२६ वर फोन करा.

साप चावलाच तर दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. अंगठी, बांगड्या, जोडवी उतरवा, चावलेला हातपाय हलू देऊ नका आणि १०८ला फोन करा. मण्यार बहुतेकदा झोपेत चावते आणि दुखतही नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात. जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचा.

साप चावल्यावर देतात ते प्रतिसर्पविष कुठल्या रुग्णालयात मिळतं, हे आत्ताच विचारून ठेवा. गोराई-मनोरीकरांनो, रात्री खाडीत बोट मिळाली नाही तर भाईंदरमार्गेच जावं लागेल. तेव्हा अपरात्रीही गाडी काढेल अशा शेजाऱ्याचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा.