घडीची गिटार घेण्याआधी

घडीच्या गिटारीचा व्हिडिओ बघितला की कोणाचाही जीव अडकतो. माणूस सॅकमधून दोन तुकडे काढतो, खटकन जोडतो आणि वाजवायला लागतो. ऑर्डर करण्याआधी मात्र एक वही घ्या आणि पहिलं पान प्रवासाला द्या. वर्षभरात गिटार घेऊन कुठे गेलात, कशाने गेलात, सोबत आणखी काय सामान होतं, सगळं लिहा. भुसावळहून मुंबईला रात्रीच्या गाडीने, जळगावहून चोपड्याला एसटीने, शहाद्याहून धडगावला जीपने, धुळ्याहून साक्रीला हळदीच्या कार्यक्रमाला मोटरसायकलवर. ही यादी खरी उतरली की निम्मी खरेदी तिथेच ठरते. पुष्कळांची तर टळतेच.

कारण साधी गिटार असते जेमतेम मीटरभर लांब. स्लीपरच्या वरच्या बर्थवर ती उशाशी किंवा भिंतीकडेला झोपते, आणि तुम्हीही झोपू शकता. एसटीत मागच्या सीटवर पायांमध्ये उभी धरली तर कंडक्टर फार तर "हाई काय शे भाऊ?" विचारतो आणि पुढे जातो. फक्त रेल्वे आणि एसटी एवढीच तुमची वाट असेल तर घडीवर पैसे घालू नका. त्याच पैशांत जाड अस्तराची चांगली गिग बॅग, तारांचे चार-पाच सेट आणि एक बरा पिकअप (गिटारीचा आवाज स्पीकरपर्यंत पोचवणारा भाग) येतो. घडी कामाला येते ती मोटरसायकलवर, सातपुड्याच्या घाटात खच्चून भरलेल्या काळ्यापिवळ्या जीपमध्ये (तिथे गिटार टपावर बांधायची वेळ येते आणि बांधणारा दोर आवळताना खाली काय आहे ते बघत नाही) आणि सगळ्यात जास्त विमानात.

विमानाचं माप टेपने घ्या, जाहिरातीवर भरवसा ठेवू नका. देशातल्या प्रवासात केबिन बॅगेची मर्यादा साधारण 7 किलो आणि 55 × 35 × 25 सेंमी, म्हणजे तिन्ही बाजू मिळून 115 सेंमी. परदेशी कंपन्या घडीच्या गिटारीची बॅग 22 × 14 × 9 इंचांची असल्याचं सांगतात, ते अमेरिकेतल्या विमानांचं माप. सेंटिमीटरमध्ये ते साधारण 56 × 36 × 23 होतं. बेरीज तेवढीच, पण लांबी आणि रुंदी बोटभर जास्त. बॅग मऊ असेल तर काउंटरवर निभावतं, कडक असेल तर हुज्जत होते. जळगावला उतरणारी एटीआर विमानं छोटी, त्यांचे वरचे कप्पेही मोठ्या विमानांपेक्षा अरुंद. तिकीट काढतानाच त्या कंपनीचा वाद्यांबद्दलचा नियम वाचा आणि त्याचा स्क्रीनशॉट मोबाईलमध्ये ठेवा. वजनात गिटार आणि बॅग मिळून तीन-चार किलो जातात, उरलेल्या तीन किलोंत तुमचे कपडे. पॉवर बँक केबिनमध्येच ठेवावी लागते. तार कापायचं कटर, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर सुरक्षा तपासणीत अडवतात, म्हणून ती अवजारं चेक-इनच्या सामानात.

आता गिटारीकडे. घडीच्या गिटारीत सांधा सोडून बाकी सगळं दुय्यम. .012 ते .053 इंच जाडीच्या तारांचा लाइट सेट सुरात लावला की सहा तारांची मिळून ओढ 70 किलोंच्या वर जाते. साध्या गिटारीत ही ओढ सोसणारी नेक, म्हणजे लांब दांडा, बॉडीत चिकटवलेली किंवा बोल्टने घट्ट आवळलेली असते. घडीच्या गिटारीत नेमकी तीच जागा कापून उघड-मीट करायची केलेली असते. त्याचे प्रकार दोन-तीनच. जर्नी इन्स्ट्रुमेंट्सच्या गिटारींत नेक बॉडीपासून पूर्ण सुटी होते. चेक प्रजासत्ताकातल्या फर्च कंपनीची लिटल जेनही सुटी करून पाठीवरच्या बॅगेत जाते. व्हॉयेज-एअरमध्ये नेकला बिजागरी आहे, ती बॉडीवर दुमडते आणि तारा जागच्या जागी राहतात. तिसरा मार्ग सांधा टाळण्याचा: स्टाइनबर्गरसारख्या गिटारींना डोकंच नाही, खुंट्या बॉडीच्या शेपटाकडे, ट्रॅव्हलर गिटार कंपनीनेही खुंट्या बॉडीत नेऊन लांबी वाचवली आहे. यामाहाच्या सायलेंट गिटारीत नेक पक्की असते, फक्त बॉडीची बाजूची चौकट निघते. म्हणजे ती बारीक होते, आखूड होत नाही. मोटरसायकलसाठी छान, विमानाच्या कप्प्यासाठी तिचा फारसा उपयोग नाही.

हातात आल्यावर सांधा असा तपासा. क्लिप ट्यूनर लावून सहाही तारा काटेकोर सुरात लावा. पाच मिनिटं जोरात वाजवा. घडी करा, उघडा, आणि खुंटीला हात न लावता ट्यूनर बघा. सगळ्या तारा एकाच बाजूला थोड्याशा सरकल्या असतील तर चिंता नाही, तारा सैल होऊन परत ताणल्या की एवढं होतंच. एक तार चढली आणि दुसरी उतरली, किंवा दर वेळी वेगळीच तार बिघडली, तर नेक दर वेळी वेगळी बसते आहे. ती गिटार तिथेच ठेवा. हे पाच-सहा वेळा करा, दुकानदाराच्या तोंडाकडे न बघता. मग साध्या कागदाची पट्टी सांध्याच्या फटीत सरकते का बघा. सरकली तर लाकडाला लाकूड टेकलेलं नाही. बाराव्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) तारेला बोट नुसतं टेकवून हार्मोनिक वाजवा आणि तिथेच तार दाबून वाजवा, दोन्ही सूर जुळायला हवेत. सांध्याच्या आसपासचे फ्रेट एकेक करून वाजवा, तिथे तार भणभणली तर पुढे ती वाढतच जाते. बाराव्या फ्रेटवर जाड तार साधारण अडीच मिलिमीटर आणि पातळ तार दोनच्या आत असेल तर ॲक्शन, म्हणजे तारेची फ्रेटपासूनची उंची, ठीक. आणि सांधा आवळायला ॲलन की लागते, की नुसता खटका आहे, हेही विचारा. ॲलन की लागत असेल तर ती हरवणारच असं धरून त्याच मापाच्या आणखी दोन चाव्या हार्डवेअरच्या दुकानातून आत्ताच आणा.

रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यातून ट्रॅक्टरमागे गाडी चालवली असेल त्याला धूळ काय चीज आहे ते सांगायला नको. ती सांध्यात बसते आणि नेक केसभर वर उचलते. रंगकामाचा बारीक मऊ ब्रश बॅगेत असू द्या, जोडण्याआधी दोन्ही बाजू झटका. तेल घालू नका.

स्केल, म्हणजे नटपासून (डोक्याजवळची पट्टी) ब्रिजपर्यंतच्या (बॉडीवर तारा अडकतात ती पट्टी) तारेची लांबी, हा दुसरा मोठा मुद्दा. आपल्याकडे शिकणाऱ्यांच्या हातात जी यामाहा एफ310 असते तिचं स्केल 634 मिमी. यामाहाच्याच छोट्या जेआर गिटारीचं 540. तार तीच, सूर तोच, तर ओढ लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. इथे चौथाईपेक्षा जास्त कमी. तारा लुळ्या वाटतात, बेंड करताना (तार बाजूला ओढून सूर चढवताना) सूर हातातून निसटतो, बारेत (एका बोटाने सगळ्या तारा दाबताना) सूर चढा लागतो. जाड सेट घालून थोडं सावरता येतं. त्याखेरीज फ्रेट जवळजवळ आल्याने बोटांची सवय मोडते, आणि मुक्कामाला परत आल्यावर मोठ्या गिटारीवर पहिला अर्धा तास चुकतमाकत जातो. म्हणून रोज कार्यक्रम करणाऱ्याने घडीची गिटार घ्यायचीच ठरवली तर पूर्ण स्केलचीच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. पोराला शिकवायला, ट्रेकला तोरणमाळला न्यायला, चाली सुचल्या की बसवायला छोटी चालते, आणि मग तिला घडी तरी कशाला हवी? मार्टिनची बॅकपॅकर 1992 मध्ये आली, बेबी टेलर 1996 मध्ये, टेलरचीच जीएस मिनी 2010 मध्ये; या तिन्हींत सांधा नाही, कटकट नाही. बॅकपॅकरची बॉडी मात्र इतकी सडपातळ की मांडीवर ठरत नाही, पट्ट्याशिवाय तिला हात लावू नका.

हवामानाचं पान मी मुद्दाम लांब लिहितो, कारण जाहिरातीत खान्देश नसतो. लाकडी गिटारीला साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा 45 ला टेकतो आणि दुपारची हवा कोरडीठाक असते. फिंगरबोर्ड आकसतो, फ्रेटची टोकं बाहेर येऊन तळव्याला टोचतात, पुढची फळी खाली बसते आणि तिला चीरही जाते. नेमकी हीच लग्नसराई. गाडी उन्हात काचा लावून उभी केली तर आतली उष्णता सरस ढिला करायला पुरते, आणि ब्रिज उचलला जातो. जेवणाच्या पंगतीला बसताना गिटार गाडीत राहिली असेल तर शेवभाजी थांबेल, आधी गिटार मंडपाच्या सावलीत आणा. श्रावणात कानबाईच्या उत्सवाच्या रात्री नेमकं उलटं: लाकूड पाणी पितं, फळी फुगते, ॲक्शन वर चढते आणि लाकडी सांधा अडकून बसतो. अशा वेळी घडी करताना जोर लावला तर कोपरा तुटतो. डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेत तापीकाठच्या थंडीत स्टीलच्या तारा आखडतात आणि सूर चढतो. म्हणून स्टेजवर जाण्याआधी अर्धा तास गिटार उघडून त्याच हवेत ठेवायची आणि मगच सुरात लावायची.

कार्बन फायबरची गिटार या आर्द्रतेच्या फेऱ्यातून सुटते. क्लॉससारख्या कंपन्या सुट्या नेकच्या कार्बन गिटारी बनवतात. पैसे असतील आणि वर्षातले निम्मे दिवस रस्त्यावर जात असतील तर मी तीच सुचवीन. त्यातल्या तारा मात्र स्टीलच्याच, त्या उन्हा-थंडीत सरकणारच, आणि बंद गाडीतली भट्टी त्या गिटारीलाही नको. लाकडी घेतली तर केसमध्ये एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. काही शे रुपयांत येतो.

आवाजाबद्दल थोडक्यात. छोट्या बॉडीतून खालच्या तारांचा भरदार खर्ज निघत नाही, सगळ्यात जाड मोकळ्या तारेच्या ई ची कंपनं सेकंदाला साधारण 82 आणि छोट्या पोकळीचा घुमारा त्याहून बराच वर. घरात हे जाणवतं, मंडपात नाही. अहिराणी गाण्यांच्या कार्यक्रमात एका बाजूला कीबोर्ड आणि दुसऱ्या बाजूला ऑक्टोपॅड असताना उघड्या गिटारीचा आवाज पहिल्या रांगेतल्या आज्यांपर्यंतही पोचत नाही. तिथे पिकअप बोलतो. तेव्हा फिरत्या वादकाने पिकअप बसवलेलीच घ्यावी, आणि दुकानात अँपला लावूनच ऐकावी. जॅक घट्ट बसतो का, घडी करताना आतली वायर ताणली जात नाही ना, 9 व्होल्टची बॅटरी कुठून बदलते, हे तिथेच बघा. जनरेटरवरच्या मंडपात गुणगुण येते, म्हणून स्वतःचा डीआय बॉक्स (गिटार आणि साउंड सिस्टीमच्या मध्ये लावायची छोटी पेटी) आणि स्वतःची चांगली केबल हवी. साउंडवाला दादा देईल ती केबल आधी दुसऱ्याच्या गिटारीत लावून बघा.

दुरुस्तीचा विचार खरेदीआधीच करायचा. जळगाव-धुळ्याला पेटी आणि तबला-ढोलकी नीट करणारे हात आहेत, पण घडीच्या सांध्याचा खटका तुटला तर तो पार्सलने मागवावा लागतो आणि काम बहुधा पुण्या-मुंबईला करून घ्यावं लागतं. विक्रेत्याला ईमेल करून तीन गोष्टी लेखी घ्या: खटका, बोल्ट, बिजागरी हे भाग सुटे मिळतात का, वॉरंटी सांध्याला लागू आहे का, परत पाठवायचा खर्च कोणाचा. बिनडोक्याच्या काही गिटारींना दोन्ही टोकांना मणी असलेल्या तारा लागतात. त्या आपल्याकडच्या दुकानात मागितल्या तर दुकानदार तुमच्याचकडे बघत राहतो. साधी तार पकडणारा क्लॅम्प असलेलं मॉडेल घ्या, नाहीतर वर्षभराच्या तारा एकदमच मागवा. परदेशातून मागवायची तर मूळ किमतीवर वाहतूक, कस्टम ड्युटी आणि जीएसटी चढतात, ते धरूनच हिशेब करा. परदेशात कार्यक्रमाला जाणाऱ्यांनी बिलावर लाकडाची जात लिहून घ्यावी. तयार वाद्यांमधल्या बहुतेक शिसवी जातींना 2019 पासून साइट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवान्यातून सूट आहे, ब्राझिलियन रोजवुडला नाही.

बॅग निघण्याच्या आदल्या रात्री भरा. घडी करण्याआधी तारा कंपनी सांगते तेवढ्याच सैल करा. नेकवर कापडी खोळ किंवा जुना सुती रुमाल, म्हणजे सुटलेल्या तारा बॉडीवर ओरखडे काढणार नाहीत. वरच्या कप्प्यात तारांचा एक पूर्ण सेट आणि पहिल्या दोन तारा जास्तीच्या, ट्यूनर, कॅपो (नेकवर लावून सूर चढवायचा चिमटा), पट्टा, नवी बॅटरी, ब्रश, ॲलन की (विमान असेल तर ती चेक-इनमध्ये). पावसाळ्यात बॅगेवर प्लास्टिकचं कव्हर, मोटरसायकल असेल तर ते दुहेरी. बिल आणि गिटारीच्या सिरियल नंबरचा फोटो मोबाईलमध्ये. आणि परत करण्याची मुदत संपायच्या आत, भरलेली बॅग पाठीला लावून तुमच्या यादीतल्या सगळ्यात वाईट रस्त्यावर एकदा जाऊन या. पोचल्यावर उघडा, ट्यूनर लावा. सूर जागेवर असेल तर खोका फेकून द्या, नसेल तर त्याच खोक्यात परत पाठवा.