सुबारू एसटीआय ई८५ वर चालवायची असेल तर: आधी इंधनपुरवठा, मग ताकद

अमेरिकेत आयोवा, इलिनॉय, मिनेसोटा या मक्याच्या राज्यांत ई८५ हे बहुतांश इथेनॉल आणि थोडे पेट्रोल असलेले इंधन अनेक पंपांवर मिळते. शिकागो किंवा मिनियापोलिसच्या परिसरात राहणाऱ्या, सुट्टीच्या दिवशी ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्या मराठी मंडळींना ते बहुधा घराजवळच सापडेल. टर्बो इंजिनासाठी एवढ्या उच्च ऑक्टेनचे इंधन पंपावर या किमतीला दुसरे मिळत नाही, म्हणून त्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. हा लेख एकाच गाडीपुरता आहे: २००८ ते २०२१ या काळातील सुबारू डब्ल्यूआरएक्स एसटीआय, तिचे अडीच लिटरचे ईजे२५७ इंजिन आणि त्यावरील मूळचा व्हीएफ४८ टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र. थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या नव्या इंजिनांचे, विशेषतः २०१५ ते २०२१ च्या साध्या डब्ल्यूआरएक्सच्या एफए२० इंजिनाचे, गणित वेगळे आहे. तेथे उच्च दाबाचा पंप आधीच तोकडा पडतो, त्यामुळे पुढील आकडे त्या गाडीला लावू नयेत.

इथेनॉलचा फायदा दोन कारणांनी होतो. एक म्हणजे त्याचा ऑक्टेन अंक शंभराच्या वर असल्यामुळे नॉकिंग, म्हणजे सिलिंडरात इंधन आपोआप अवेळी पेटणे, सहजासहजी होत नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. एक किलो इथेनॉलची वाफ होताना ते एक किलो पेट्रोलच्या सुमारे अडीच पट उष्णता शोषून घेते, आणि तेवढ्याच हवेसाठी इंधनही जास्त लागत असल्यामुळे ई८५ वर सिलिंडरात शिरणाऱ्या हवेला मिळणारा एकूण गारवा पेट्रोलच्या तिपटीहून अधिक भरू शकतो. छोट्या इंटरकूलरच्या (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) टर्बो इंजिनाला याचा किती उपयोग होत असेल, हे सहज लक्षात येईल.

मात्र इंधन जास्त लागते, आणि सगळ्या कामाचा पाया तोच आहे. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने १४.७ भाग हवा लागते, तर एक भाग ई८५ ला सुमारे ९.८ भाग पुरते. घनतेतला फरक धरला तर प्रत्यक्षात आकारमानाने ३५ ते ४० टक्के अधिक इंधन पुरवावे लागते. मूळ इंजेक्टर (इंधन फवारणारे झडपेचे तोंड) आणि मूळ पंप ठेवून केवळ संगणकातील मॅप, म्हणजे इंधन व ठिणगीचे तक्ते, बदलण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्याला पुढचे गणित करून दाखवावे.

इंजेक्टर आणि पंप यांचे गणित

पेट्रोलवर टर्बो इंजिन पूर्ण जोरात असताना एका अश्वशक्तीमागे ताशी साधारण २७० ग्रॅम इंधन खाते. ई८५ वर हाच आकडा ३८५ ग्रॅमच्या आसपास जातो. एसटीआयचे मूळ इंजेक्टर मिनिटाला सुमारे ५६५ घनसेंटिमीटर इंधन देतात. इंजेक्टर ८५ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही हा नियम पाळला, तर चौघे मिळून ताशी सुमारे ११५ लिटर, म्हणजे ई८५ च्या घनतेने ९० किलो इंधन देऊ शकतात. त्यातून जेमतेम २३५ अश्वशक्तीची भूक भागते. कंपनीतून निघताना गाडी ३०५ ते ३१० अश्वशक्तीची होती, तेव्हा मूळ इंजेक्टरांवर ई८५ भरल्यास मूळची ताकदही सुरक्षितपणे मिळणार नाही.

आता क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दंडावर, ४०० अश्वशक्तीचे उद्दिष्ट धरू. मूळ टर्बोकडून यापलीकडे फारशी अपेक्षा ठेवू नये. त्यासाठी ताशी १५४ किलो, म्हणजे जवळपास १९६ लिटर इंधन लागेल. चार इंजेक्टरांत वाटून आणि ८५ टक्क्यांची मर्यादा लावून प्रत्येकी सुमारे ९६० घनसेंटिमीटरची गरज निघते, म्हणून १००० किंवा १०५० घनसेंटिमीटरचा इंजेक्टर योग्य ठरतो. त्याहून बराच मोठा घेण्यात शहाणपण नाही, कारण आयडलला (गाडी उभी असून इंजिन मंद चालताना) त्याची उघडझाप इतकी अल्पकाळ होते की मिश्रण स्थिर राहणे अवघड जाते. इंजेक्टर घेताना चारही नग प्रवाहात जुळवलेले असावेत आणि वेगवेगळ्या व्होल्टेजला उघडण्यास लागणाऱ्या विलंबाचा तक्ता सोबत असावा. हा तक्ता नसलेला इंजेक्टर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आयडलच्या तक्रारींमागे बहुधा हेच आकडे चुकलेले असतात.

पंपाच्या डब्यावर ताशी ३२० किंवा ३४० लिटर असा आकडा छापलेला असतो, पण तो साधारण ४० पीएसआय (सुमारे २.८ बार) दाबाला मोजलेला असतो. आपल्या गाडीत रेलचा (इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या नळीचा) मूळ दाब ३ बार आणि त्यावर बूस्टचा, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाचा, सुमारे १.४ बार धरला, तर पंपाला ४.४ बारविरुद्ध काम करावे लागते. त्या दाबाला प्रवाह बराच घटतो, म्हणून उत्पादकाच्या आलेखावरून ४.४ बारला मिळणारा प्रवाह पाहावा आणि तो आपल्या १९६ लिटरांपेक्षा किमान वीस टक्क्यांनी जास्त आहे, याची खात्री करावी. पंपाला मिळणारे व्होल्टेज थेट पंपाच्या कनेक्टरपाशी, पूर्ण भार असताना मोजावे. मूळ बारीक वायरमध्ये एखादा व्होल्ट हरवत असेल, तर जाड वायर आणि स्वतंत्र रिले बसवून घ्यावा. पंप ई८५ साठी मान्य केलेला हवा. नळ्या पीटीएफई अस्तराच्या आणि ओ-रिंग व्हायटॉनच्या असाव्यात, कारण साधे जुने रबर इथेनॉलमध्ये फुगते व नंतर तडकते.

इथेनॉल मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये

पंपावर ई८५ लिहिलेले असले तरी टाकीत ८५ टक्के इथेनॉल पडेलच असे नाही. अमेरिकेच्या एएसटीएम डी५७९८ या मानकानुसार या इंधनात ५१ ते ८३ टक्के इथेनॉल चालते आणि हिवाळ्यात, गाडी थंडीत सुरू व्हावी म्हणून, प्रमाण मुद्दाम कमी ठेवले जाते. उन्हाळ्यात ८० टक्क्यांवर ट्यून केलेल्या गाडीत जानेवारीत ५५ टक्क्यांचे इंधन पडले, तर मिश्रण इंधनाने गडद होईलच, शिवाय स्पार्क टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) ८० टक्क्यांच्या हिशेबाने पुढेच राहील. धोका या दुसऱ्या गोष्टीत आहे. उलट, ५० टक्क्यांसाठी बांधलेल्या मॅपवर ८३ टक्के भरल्यास मिश्रण हलके पडून, म्हणजे इंधन कमी पडून, सिलिंडरातील उष्णता वाढते.

हाताने तपासण्याची रीत सोपी आहे. शंभर मिलिलिटरच्या काचेच्या मोजपात्रात ५० मिलिलिटर पाणी घ्यावे, त्यावर ५० मिलिलिटर इंधन ओतावे, तोंड बंद करून नीट हलवावे आणि काही मिनिटे स्थिर ठेवावे. इथेनॉल पाण्यात उतरते, पेट्रोल वर तरंगते आणि दोहोंमध्ये स्पष्ट रेघ दिसते. ही रेघ ९० वर आली, तर ५० मधील ४० मिलिलिटर, म्हणजे ८० टक्के इथेनॉल झाले. पाणी व इथेनॉल मिसळताना आकारमान किंचित आक्रसत असल्यामुळे खरे प्रमाण रेघेपेक्षा थोडे जास्त असते. हे काम उघड्यावर, ज्योत आणि ठिणगीपासून दूर करावे.

तरीही दर वेळच्या तपासणीसाठी फ्लेक्स-फ्युएल सेन्सर बसवणे हाच खरा उपाय आहे. एसटीआयमध्ये तो टाकीकडे परतणाऱ्या नळीत बसवतात. जनरल मोटर्सच्या गाड्यांतून रूढ झालेला हा सेन्सर ५० ते १५० हर्ट्झचा संकेत देतो: ५० म्हणजे शुद्ध पेट्रोल, १५० म्हणजे शुद्ध इथेनॉल, आणि आलेल्या आकड्यातून ५० वजा केले की टक्केवारी मिळते. साधे ई१० पेट्रोल असेल तर ६०, चांगले ई८५ असेल तर १३०च्या आसपास वाचन यायला हवे. एक बारकावा येथे नोंदवतो. सुबारूची टाकी प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही बाजूंना दोन कप्प्यांत विभागलेली आहे, त्यामुळे पंपावरून निघाल्यावर पहिली काही मिनिटे सेन्सरचा आकडा सरकत राहतो; तो स्थिर होईपर्यंत पूर्ण थ्रॉटल देऊ नये.

ट्यूनिंगचा क्रम

इंधनाला हात लावण्यापूर्वी इंजिनाचे आरोग्य तपासावे. चारही सिलिंडरांची कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन (सिलिंडरातून दाब किती गळतो याची) चाचणी करावी व इनटेकमध्ये धूर सोडून बूस्टची गळती शोधावी. ईजे२५७ चे ओतीव पिस्टन रिंगच्या खोबणीपाशी नाजूक असतात हे सर्वज्ञात आहे. एखाद्या सिलिंडरात गळती दिसली, तर ट्यूनिंग तेथेच थांबवावे. स्पार्क प्लग एक पायरी थंड घेऊन फट ०.७ मिलिमीटर ठेवावी, म्हणजे वाढलेल्या दाबाखाली ठिणगी विझणार नाही.

नवे इंजेक्टर बसवल्यावर पहिली टाकी साध्या प्रीमियम पेट्रोलचीच असावी. अनेकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो, पण माझ्या मते साऱ्या कामातील ही सर्वांत मोलाची पायरी आहे. पेट्रोलवर इंजेक्टरचा प्रवाह, विलंबाचा तक्ता आणि हवामापक सेन्सरचे मापन जुळवून घ्यावे आणि आयडलपासून हायवेच्या वेगापर्यंत इंधनाची दुरुस्ती उणे-अधिक पाच टक्क्यांच्या आत आणावी. त्यानंतर ई८५ भरले की बदलणारी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे इथेनॉलचा गुणक. थेट ई८५ वर सुरुवात केली, तर चूक इंजेक्टरची, हवामापकाची की इंधनाची, हे शेवटपर्यंत उलगडत नाही.

मिश्रण पाहताना गेजवर १४.७ ची मोजपट्टी न ठेवता लॅम्डा, म्हणजे प्रत्यक्ष हवा-इंधन प्रमाण भागिले आदर्श प्रमाण, ठेवावा, कारण लॅम्डा १ चा अर्थ कोणत्याही इंधनावर एकच राहतो. पूर्ण थ्रॉटलला पेट्रोलवर ०.७६ ते ०.७८ ठेवणारे ट्यूनर ई८५ वर ०.८० ते ०.८२ ठेवतात, याहून गडद ठेवल्यास इंधन वाया जाते आणि ते सिलिंडरची भिंत धुऊन तेलात उतरते.

आता स्पार्क टायमिंगकडे वळू, कारण इंजिने येथेच फुटतात. पेट्रोलवर टायमिंग पुढे नेत गेले की नॉकिंग इशारा देते. सुबारूचा संगणक तत्काळ टायमिंग मागे घेतो आणि डायनॅमिक अ‍ॅडव्हान्स मल्टिप्लायर, म्हणजे ट्यूनर मंडळींच्या भाषेत डॅम, १ वरून खाली येतो. ई८५ वर हा इशारा बहुधा येतच नाही. इंजिन सर्वाधिक टॉर्क देणारा बिंदू ओलांडून पुढे जाते, डॅम १ वर तसाच राहतो, लॉग स्वच्छ दिसतो आणि आत मात्र सिलिंडरातील दाब वाढत जातो. म्हणून नॉकिंग दिसेपर्यंत टायमिंग वाढवण्याची पेट्रोलवरची सवय येथे घातक आहे. हे काम डायनोवरच (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरच) करावे. बूस्ट स्थिर ठेवून एकेक अंश वाढवावा आणि प्रत्येक वेळी टॉर्कचा आलेख पाहावा. एका अंशाने टॉर्क जवळपास वाढलाच नाही, की तेथून दोन अंश मागे येऊन थांबावे.

बूस्ट याच्या नंतर, तोही संयमाने वाढवावा. व्हीएफ४८ मधल्या आरपीएममध्ये १९-२० पीएसआय सहज देतो, पण ६००० च्या पुढे त्याची दमछाक होते. तेथे बूस्ट १५-१६ पर्यंत उतरू द्यावा. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवर सर्वाधिक ताण ३००० ते ४००० आरपीएममध्ये, बूस्ट एकदम चढताना येतो. त्यामुळे त्या भागात टायमिंग व बूस्ट दोन्ही आखडते ठेवून टॉर्कचा चढ सौम्य करावा. आलेखावरचे शिखर थोडे बुटके दिसेल, पण ट्रॅकवर लॅपच्या वेळेत त्याचा फरक नगण्य असतो आणि इंजिनाचे आयुष्य वाढते. प्रत्येक धावेच्या लॉगमध्ये आरपीएम, लोड, बूस्ट, लॅम्डा, इंजेक्टरचा ड्युटी सायकल (उघडा राहण्याची टक्केवारी), डॅम, संगणकाने नॉकिंगवरून केलेल्या तात्कालिक व शिकलेल्या दोन्ही दुरुस्त्या आणि रेलमधील दाब एवढे तरी असावे. पूर्ण बूस्टला रेलचा दाब बूस्टच्या बरोबरीने चढत नसेल, तर पंप कमी पडतो आहे असे समजून पाय तत्काळ उचलावा.

थंडीत गाडी सुरू करण्याचे तक्ते सर्वांत शेवटी, आणि खरोखर थंडीतच जुळवावेत. शून्याखाली इथेनॉलची वाफ फारशी होत नाही, त्यामुळे स्टार्टर फिरताना द्यायचे इंधन कूलंटच्या तापमानानुसार पेट्रोलपेक्षा पुष्कळ वाढवावे लागते. ते अति झाले की प्लग ओले होतात. मिनेसोटासारख्या ठिकाणी इंजिन ब्लॉक हीटर लावणे कोणत्याही मॅपपेक्षा अधिक उपयोगी ठरते.

देखभाल आणि कायदा

इथेनॉल टाकीतील जुना गाळ सोडवून आणते, म्हणून पहिल्या दोन-तीन टाक्यांनंतर फ्युएल फिल्टर बदलावा. तेल पाच हजार किलोमीटरच्या आत, आणि गाडी लहान फेऱ्यांवरच वापरली जात असेल तर त्याहूनही लवकर बदलावे. डिपस्टिकला इंधनाचा वास आला तर वाट पाहू नये. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते, त्यामुळे हिवाळ्यात गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल, तर ई८५ संपवून पेट्रोल भरावे आणि इंजिन काही वेळ चालवून रेल व इंजेक्टरांतही पेट्रोल येऊ द्यावे.

अमेरिकेचा क्लीन एअर अ‍ॅक्ट रस्त्यावरील गाडीच्या उत्सर्जन यंत्रणेत छेडछाड करण्यास मनाई करतो, आणि कॅलिफोर्नियात अशा सुट्या भागांना राज्याच्या हवा मंडळाची मंजुरी लागते. हे सारे काम केवळ ट्रॅकसाठी राखलेल्या गाडीवर, आपल्या राज्याचे नियम वाचून करावे. भारतातील वाचकांसाठी एवढेच सांगतो, की पंपावरील ई२० मध्ये इथेनॉल वीस टक्केच असते. वरील इंजेक्टर, टायमिंग आणि बूस्टचे आकडे त्या इंधनाला लागू होत नाहीत.