बोअर मारायच्या आधी गावातल्या विहिरी मोजा: दगडाचा आणि पाण्याचा नकाशा असा करायचा

आमच्या माण तालुक्यात मार्च उजाडला की बोअरच्या गाड्या फिरायला लागतात, नारळ फुटतो, धुरळा उडतो आणि चारशे फुटावर पण फुफाटाच निघाला की घरातली माणसं गप्प होऊन बसतात. हे बघवत नाही म्हणून लिहितोय. गावात शंभर विहिरी आधीच खोदलेल्या असतात आणि प्रत्येक विहिरीच्या भिंतीत जमिनीखाली काय आहे ते उघडं दिसत असतं, फक्त ते कुणी एका कागदावर आणलेलं नसतं. माण, खटाव, आटपाडी, जत कुठंही हे काम चार-पाच पोरं मिळून करू शकतात.

आधी आपल्याकडचा दगड समजून घ्या. सगळा बेसाल्ट, 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक, आणि ते जवळजवळ आडवे पडलेत. यातला काळा कातळ पाणी धरत नाही, भेगा असतील तेवढंच. पाणी असतं ते मुरमात आणि मांजऱ्यात, म्हणजे तो भोकाभोकाचा, पांढरे खडे भरलेला दगड, त्यात. दोन लाव्हांच्या मधे बऱ्याच ठिकाणी गेरूसारखा तांबडा थर सापडतो, त्यातनं पाणी सहजासहजी खाली जात नाही, म्हणून डोंगराला झरा लागला तर त्याच्या खाली हा तांबडा पट्टा आहे का ते आधी बघा. ओळखायला सगळ्यात सोपा तोच.

साहित्य फार लागत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाची 1:50,000 ची टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा नकाशा, त्यांच्या साइटवरनं उतरवून घ्या, गटाचा नकाशा महाभूनकाशावर मिळतो, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा ऑफिसात जाऊन आपल्या भागातल्या निरीक्षण विहिरींची माहिती मागा. बाकी 30 मीटरचा टेप, त्याला खाली बांधायला वजन, वही, जीपीएसवाला मोबाईल आणि लाल ऑइलपेंट.

आता विहीर. गट नंबर, व्यास, खोली, कठड्याची उंची, पाणी किती खाली, उन्हाळ्यात किती महिने टिकतं, मोटर किती तास चालते. टेप कठड्यावर जिथं धरला तिथं लाल खूण करा आणि कठड्याची उंची वजा करून जमिनीपासूनची पातळी लिहा. मीटर तर सगळीकडं मीटर, मधेच फूट नको. पातळी पहाटेच घ्यायची, मोटर चालू व्हायच्या आत. आम्ही पहिल्या वर्षी सकाळी अकराला फिरलो, निम्म्या मोटरी चालू होत्या, नकाशावर गावाच्या मधोमध खड्डा दिसायला लागला आणि तीन दिवसाचं काम परत करावं लागलं. लाइट रात्रीची असेल तर मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा.

आणि माणसांना विचारा, हे टेपपेक्षा मोठं काम आहे. ज्यांनी विहीर खोदताना मुरूम वाहिला ते आबा-तात्या अजून आहेत. "तात्या, हिरीला झरा कुठल्या अंगानं लागला?" एवढं विचारलं की तात्या कठड्यावर बसून सगळं सांगतात, किती परसावर (परस म्हणजे पुरुषभर खोली) मांजऱ्या लागला, कुठं सुरुंग लावायला लागला. परसाचं माप प्रत्येकाचं वेगळं, म्हणून ऐकलेलं लिहून घ्या पण टेपनं पडताळा. आज्जीला विचारा दुष्काळात, 1972 ला, कुठल्या विहिरीला पाणी होतं. विहिरीत उतरू मात्र नका, जुन्या बंद विहिरीत हवा खराब असते आणि ढासळती कड जीव घेते. वरनं मोबाईलनं फोटो काढला तरी थर दिसतात.

यानंतरची पायरी बरेच जण सोडतात आणि खरा नकाशा तिथंच आहे. नुसती खोली उपयोगाची नाही, उंची पाहिजे. मोबाईलच्या उंचीवर विश्वास ठेवू नका, दहा-वीस मीटरची चूक सहज येते. डंपी लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, भाड्यानं आणा नाहीतर गवंडी वापरतात ती पाण्याची नळी घ्या, वेळ जातो पण बरोबर येतं. देवळाची पायरी 100 मीटर धरा. समजा एका विहिरीजवळची जमीन 102 वर आहे आणि मांजऱ्या 8 ते 12 मीटर खोलीवर आहे, म्हणजे थर 94 ते 90. पलीकडची विहीर 97 वर, तिथं तोच थर 3 ते 7 मीटरवर दिसायला पाहिजे. दिसला तर दोन्ही विहिरी एकाच थराचं पाणी पितात. नाही दिसला, कातळ लागला, तर थर मधेच संपलाय किंवा मधे डाईक आहे, म्हणजे भेगेत गोठलेल्या लाव्हाची उभी भिंत. तशी सरळ रेषेतली दगडाची ओळ शिवारात वर कुठं दिसते का ते चालत जाऊन बघा.

मग हा 94 ते 90 चा पट्टा समोच्च (सारख्या उंचीच्या) रेषांच्या अंगानं नकाशावर रंगवा आणि ओढ्याचा तळ त्या उंचीत कुठं येतो तो तुकडा शोधा. थर तिथं ओढ्यात उघडा पडलेला असणार. विहिरींची पातळी तळापेक्षा खाली असेल तर पाणी अडवायची जागा ती, कारण तिथं अडवलेलं पाणी थेट थरात शिरतं. कातळावर बांधलेला बंधारा भरलेला छान दिसतो, पण त्यातलं पाणी मुरत नाही, उन्हानं जातं. बऱ्याचदा ही जागा दुसऱ्याच्या रानात, कधी शेजारच्या गावात निघते, तेव्हा नकाशा घेऊन जाऊन बोला, हातात कागद असला की बोलणं सोपं जातं.

पातळी वर्षात दोनदा, मे अखेर आणि ऑक्टोबरला, त्याच विहिरी, तीच लाल खूण. समजा 100 हेक्टरात पाणी सरासरी 3 मीटर चढलं. मुरूम झालेल्या बेसाल्टमधे साधारण 2 टक्केच जागा पाणी सोडते, म्हणजे साठा आला 60 हजार घनमीटर, 6 कोटी लिटर. आकडा मोठा वाटतो, पण पाटानं भिजवलेल्या उसाला हेक्टरी 20 हजार घनमीटरच्या आसपास लागतं, म्हणजे तीन हेक्टर उसात सगळं संपलं. हा हिशेब ग्रामसभेत फळ्यावर मांडा, रब्बीच्या पेरणीआधी.

वाळवा, पलूसच्या नदीकाठाला प्रश्न उलटा आहे, तिथं पाणी वर येऊन रानं क्षारपड झाली. मोजायची रीत तीच, फक्त तिथं पाणी कुठं चढतंय ते शोधायचं आणि चराची दिशा त्यावरनं ठरवायची, सोबत पाण्यातले क्षार मोजायला टीडीएस मीटर ठेवायचा.

आता ऑक्टोबरच्या फेरीपासनं सुरुवात केलीत तर मेपर्यंत पहिली जोडी तयार होईल. गावात वीस विहिरी धरल्या तरी चालतील, पण डोंगराच्या पायथ्यापासून ओढ्यापर्यंत एका ओळीत येतील अशा निवडा, म्हणजे उभा छेद काढता येतो.